रसायनाला कंट्रोल-झेड नसतो

कॉलेजात बायोलॉजीच्या कपाटात काचेच्या बरण्या असायच्या, बेडूक, गोगलगाय, एखादा साप, आणि लेबलवर फॉर्मलिन. आम्ही केमिस्ट्रीवाले, आम्हाला वाटायचं फॉर्मलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्मल्डिहाइड, संपला विषय. पुढे कळलं की पाण्यात गेल्यावर फॉर्मल्डिहाइड म्हणून जवळपास काही उरतच नाही. पातळ द्रावणात ९९ टक्क्यांहून जास्त रेणू पाण्याचा एकेक रेणू अंगावर घेऊन मिथेनडायॉल झालेले असतात, आणि तरी बाटली उघडली की नाकात झोंबतं ते फॉर्मल्डिहाइडच, कारण ही रिॲक्शन सतत उलटी पण चालू असते. त्याचाच चुलतभाऊ ॲसिटाल्डिहाइड पाण्यात साधारण निम्मा असा बदलतो आणि ॲसिटोनचा हजारात एखादाच रेणू. पुस्तकात मात्र तिघांनाही एकच खूण, दोन उलटसुलट बाण.

त्या बाणांबद्दलच बोलायचंय. म्हणजे खरं तर सरकारी पैशाबद्दल आणि रिसर्च कसा लिहून ठेवतात त्याबद्दल बोलायचंय, पण रस्ता या बाणांवरूनच जातो, आणि मध्ये थोडं कॉम्प्युटर सायन्स लागतं, तर जरा धीर धरा.

मी बीएस्सी केमिस्ट्री करून सॉफ्टवेअरमध्ये आलेल्या असंख्य लोकांपैकी एक. रिव्हर्सिबल कॉम्प्युटिंग, म्हणजे उलट्या दिशेनेही चालवता येईल असं गणित करणारं यंत्र, हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो वीजबिलाच्या संदर्भात, आणि बहुतेक सगळे तसाच ऐकतात. १९६१ साली आयबीएममधल्या रॉल्फ लँडाउअरने मांडलं की एक बिट माहिती पुसली की किमान अमुक एवढी उष्णता बाहेर पडणारच, त्यातून सुटका नाही. ही उष्णता किती, तर नेहमीच्या तापमानाला ज्यूलच्या हिशोबात दशांश चिन्हानंतर वीस शून्यं आणि मग २९. इतकी कमी. १९७३ साली चार्ल्स बेनेट, तोही आयबीएमचाच, म्हणाला की मग पुसूच नका ना. मशीनने प्रत्येक पायरीची नोंद एका वेगळ्या टेपवर ठेवायची, उत्तर आलं की त्याची कॉपी काढायची, आणि सगळं गणित उलट्या दिशेने चालवत ती नोंदीची टेप परत कोरी करायची. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या लिआँच्या गटाने पाण्यातल्या एका सूक्ष्म कणावर प्रयोग करून दाखवलं की लँडाउअरचा आकडा खरा आहे.

यावरून झालं काय, की रिव्हर्सिबल म्हणजे उद्याचा बिनविजेचा कॉम्प्युटर अशी जाहिरात सुरू झाली, आणि आता डेटा सेंटरं एवढी वीज खातात म्हटल्यावर तिला परत जोर आलाय. माझं मत, ही जाहिरात या विषयाचं नुकसान करते. आजच्या चिप त्या किमान आकड्याच्या हजारो पट वर चालतात, तिथे अडचण पुसण्याची नाहीच, साध्या तारा आणि गळक्या ट्रान्झिस्टरची आहे. आणि दुसरं म्हणजे खरोखर रिव्हर्सिबल यंत्राला पुढे ढकलणारं काही नसेल तर ते पुढे-मागे भरकटत राहतं, शंभर पावलं पुढे जायला दहा हजारांच्या घरात पावलं लागतात. ढकलायचं म्हणजे परत ऊर्जा आली. त्यामुळे वीज वाचेल या आशेवर ज्यांनी या विषयाकडे बघितलं ते कंटाळून निघून गेले, आणि ज्या ठिकाणी हा विषय आजच उपयोगी आहे तिकडे कोणी बघितलंच नाही.

ते ठिकाण म्हणजे केमिस्ट्री. गंमत बघा, बेनेट मुळात केमिस्ट्री शिकलेला माणूस, आणि १९७३ च्या त्या पेपरात त्याने खऱ्या जगातलं उदाहरण म्हणून दिलं ते पेशीत आरएनए तयार होण्याचं! डीएनएवरून सरकत जाणारा एन्झाइम एकेक अक्षर जोडतो आणि दर अक्षरामागे पायरोफॉस्फेट बाहेर टाकतो. ते पायरोफॉस्फेट भरपूर साठलं तर हाच एन्झाइम अक्षरं काढत मागे येऊ शकतो. पेशी ते लगेच मोडून टाकते म्हणून काम पुढे सरकतं. म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांनी ज्याचं स्वप्न बघितलं ते यंत्र आपल्या प्रत्येकाच्या अंगात आधीपासून चालू आहे आणि आपण त्याचं वर्णन करायला एक डबल बाण काढून मोकळे होतो.

आता मुद्दा. मागे जाणं म्हणजे नक्की काय? वर्डमध्ये कंट्रोल-झेड दाबलं की शेवटची गोष्ट आधी जाते, मग त्याच्या आधीची. हा सगळ्यात साधा प्रकार. पण एकाच वेळी अनेक कामं चालू असतील तर हा हट्ट मूर्खपणाचा होतो. मी डाव्या पायात मोजा-बूट घातला, मग उजव्या पायात, तर काढताना डावा आधी काढला म्हणून काय बिघडलं? फक्त बूट काढल्याशिवाय मोजा निघणार नाही, एवढाच नियम. ज्याच्यावर दुसरं काही अवलंबून आहे ते आधी काढायचं नाही, बाकी क्रम कसाही. २००४ मध्ये व्हिन्सेंट दानोस आणि जाँ क्रिव्हीन यांनी या नियमाला गणिती रूप दिलं, पाठोपाठ इयन फिलिप्स आणि इरेक उलिदोव्हस्की यांनी वेगळ्या पद्धतीने, प्रत्येक जोडणीला एक किल्ली देऊन, कोण कोणाशी जोडलं गेलं ते लक्षात ठेवणारी गणिती भाषा बनवली. या क्षेत्रातल्या काही लोकांना प्रोग्रॅममधली चूक मागे जाऊन शोधायची होती, तर काहींच्या डोक्यात आधीपासूनच पेशीतल्या रेणूंची जोडतोड होती. बराच काळ मोजा-बुटाचा नियम हाच मागे जाण्याचा योग्य नियम असं मानलं गेलं, आणि ते दिसायलाही सुंदर आहे, कारण त्यात तुम्ही मागे येऊन अशाच ठिकाणी पोचता जिथे पुढे जातानाही पोचू शकला असता.

केमिस्ट्री हा नियम रोज मोडते. उत्प्रेरक घ्या. बांधकामाच्या साइटवर स्लॅब भरायच्या आधी सेंट्रिंग लावतात, प्लेटा, खाली टेकू, सगळं. ते नसतं तर स्लॅब झालाच नसता. पण स्लॅब पक्का झाला की सेंट्रिंग काढून नेतात आणि स्लॅब जागेवर राहतो (पडला तर कॉन्ट्रॅक्टरला शोधा). म्हणजे कारण निघून गेलं, परिणाम तसाच. मोजा काढला, बूट पायात! अमोनिया बनवताना लोखंड हेच करतं. ट्रॉम्बेला किंवा थळला खताच्या कारखान्यात अमोनिया होतो तेव्हा नायट्रोजनचा रेणू लोखंडाच्या पृष्ठभागावर चिकटतो, फुटतो, हायड्रोजनही तसाच फुटतो, मग नायट्रोजनला एक, दोन, तीन हायड्रोजन लागतात आणि तयार अमोनिया लोखंडाला सोडून उडून जातो. यातली प्रत्येक पायरी उलटीही होऊ शकते. गेरहार्ड एर्टलला पृष्ठभागावरच्या अशा प्रक्रियांच्या अभ्यासासाठी २००७ चं नोबेल मिळालं. आणि बारावीच्या पोराला आपण सांगतो: एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन, डबल बाण, दोन अमोनिया, बाणाच्या वर लोखंड लिही, एक मार्क.

म्हणून रिव्हर्सिबल भाषा बनवणाऱ्यांना तिसरा प्रकार मान्य करावा लागला, कारण-परिणामाचा क्रम मोडून मागे जाणं. मला यातलं सगळ्यात आवडलेलं काम स्टेफान कून आणि उलिदोव्हस्की यांचं, २०१६ च्या सुमाराचं, आणि त्यांचं उदाहरण काय तर फॉर्मल्डिहाइडला पाणी लागणं. आमची बरणी! त्यांच्या भाषेत एक बंध जुळला की त्याच दमात दुसरा तुटलाच पाहिजे, असा नियम व्याकरणातच घातलाय. पाण्यात हे कायम होत असतं: एका रेणूचा प्रोटॉन (म्हणजे इलेक्ट्रॉन मागे सोडून निघालेला हायड्रोजन) शेजाऱ्याकडे जातो, एकाचं हायड्रॉक्साइड होतं, दुसऱ्याचं हायड्रोनियम, आणि लगेच परत. शुद्ध पाण्यात कुठल्याही क्षणी साधारण ५५ कोटी रेणूंमागे एक असा फुटलेला असतो. आता हायड्रोनियमवर तीन हायड्रोजन आहेत. परत जाताना त्यातला कोणता जाणार, जो शेवटी आला तो? नाही, तिघांपैकी कोणीही. रेणूला आठवतच नाही शेवटी कोण आलं ते.

हे वाचल्यावर मी दोन दिवस त्याच विचारात होतो. बेनेटचं मशीन मागे जाऊ शकतं कारण त्याने सगळा इतिहास जपून ठेवलाय. पाण्याचा रेणू मागे जाऊ शकतो आणि त्याच्याकडे इतिहास बिलकुल नाही, त्याच्याकडे फक्त आत्ता कोण कोणाला धरून आहे एवढंच आहे. म्हणजे रिॲक्शन नीट लिहून ठेवायची तर काय लागतं? सुरुवातीला कोण होतं, शेवटी कोण आहे, आणि कुठला अणू कुठे गेला, एकही अणू न हरवता. एवढं असलं की मागचा रस्ता आपोआप मिळतो, कारण त्याच परिस्थितीत रिॲक्शन ज्या वाटेने पुढे जाते त्याच वाटेने मागे येते, हे केमिस्ट्रीतलं जुनं तत्त्व आहे.

आणि आपण नेमकं हेच लिहीत नाही.

एस्टरचं उदाहरण घेऊ, कारण तो फळासारखा वास प्रत्येकाच्या लक्षात असतो. ॲसिटिक ॲसिड, इथेनॉल, दोन थेंब सल्फ्युरिक, गरम करा, इथाइल ॲसिटेट. अर्ध्या वह्यांत सोबत निघालेलं पाणी लिहिलेलंच नसतं. आणि लिहिलं तरी त्या पाण्यातला ऑक्सिजन कुणाचा, ॲसिडचा की अल्कोहोलचा? समीकरणावरून कळत नाही. १९३८ मध्ये रॉबर्ट्स आणि युरी यांनी अल्कोहोलमध्ये जड ऑक्सिजन (वजनावरून वेगळा ओळखता येणारा) घालून बेंझोइक ॲसिडच्या एस्टरवर तपासलं, आणि जड ऑक्सिजन एस्टरमध्ये सापडला, पाण्यात नाही. म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन ॲसिडचा. केवढी मेहनत, आणि तिचं फळ किती छान, कारण आता ॲसिड वापरून एस्टर परत फोडताना कुठला बंध तुटणार तेही फुकटात कळलं. (कॉस्टिकने फोडणं वेगळं, साबण होतो तेव्हाचं. ती याच रस्त्याची उलटी दिशा नाही, तरी परीक्षेत दोन्ही एकच समजून लिहितात, मीही लिहायचो.) ही माहिती ८५ पेक्षा जास्त वर्षं आपल्याकडे आहे आणि आजही रिॲक्शन लिहिताना आपण ती पुसून टाकतो. लँडाउअरच्या हिशोबात पुसण्याची किंमत उष्णता. इथे किंमत अशी की पुढच्या माणसाला तेच परत शोधावं लागतं.

ही नुसती पोरांच्या वहीची तक्रार असती तर लेख लिहिला नसता. आता सगळीकडे एआयने नवीन औषधं, नवीन रिॲक्शन शोधायची घाई आहे, त्यासाठी पैसाही ओतला जातोय. हे एआय शिकतं कशावर? पेटंट आणि पेपरमधून उकरून काढलेल्या रिॲक्शनवर, ज्यात मुख्य पदार्थ आहे पण सोबत निघालेलं पाणी, मीठ, गॅस गायब, डाव्या बाजूचे अणू मोजले तर उजवीकडे कमी भरतात, आणि कुठला अणू कुठे गेला हे नंतर दुसऱ्या प्रोग्रॅमने अंदाजाने भरलेलं. ज्या नोंदीतून मागे जाताच येत नाही ती नोंद शिकवायला देऊन मग म्हणायचं मशीनला केमिस्ट्री कळत नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप आहे आणि तो बराचसा खरा आहे, म्हणून टाळत नाही. माझा एक मित्र औषध कंपनीत प्रोसेस केमिस्ट आहे, त्याला मी कून-उलिदोव्हस्कीबद्दल उत्साहाने सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, जे मी कागदावर तीन वाकड्या बाणांनी दाखवतो ते हे लोक दहा पानांत दाखवतात, आणि त्यात वेग नाही, ऊर्जा नाही, तापमान नाही. मला काय उपयोग?" बरोबर आहे. फॉर्मल्डिहाइडला पाणी लागण्याची दहा पानं वाचून एकही नवीन रसायन बनत नाही. ऊर्जा काढायला क्वांटम केमिस्ट्री आहे, ती या भाषांकडून कोणी मागूही नये. पण त्याचे ते वाकडे बाण, इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेले ते दाखवणारे, हीसुद्धा एक भाषाच आहे ना, फक्त तिचं व्याकरण त्याच्या डोक्यात आहे, कागदावर नाही, त्यामुळे मशीन ते तपासू शकत नाही आणि चुकलेला बाण परीक्षक थकलेला असला की पास होतो. व्याकरण लिहून काढायचा फायदा स्वतःला कधी दिसत नाही, तो दुसऱ्याला चूक पकडायला होतो.

चूक कशी पकडायची त्याचं एक उदाहरण देतो, हे मित्रालाही पटलं. समजा तीन रूपं आहेत, पहिलं दुसऱ्यात, दुसरं तिसऱ्यात आणि तिसरं परत पहिल्यात बदलतं, सगळे डबल बाण. पहिल्या जोडीचा समतोल २ धरला (म्हणजे सगळं स्थिरावल्यावर दुसरं रूप पहिल्याच्या दुप्पट), दुसरीचा ३, तर तिसरी जोडी मनाला येईल ती धरता येत नाही, ती एक-षष्ठांशच असली पाहिजे, नाहीतर कागदावर असं चक्र तयार होतं जे बाहेरून काही न घालता कायम एकाच दिशेने फिरत राहील. फुकटचं इंजिन! ही अट व्हेगशायडर या ऑस्ट्रियन केमिस्टने १९०१ मध्येच सांगितली. तीन रूपं असतील तर कोणीही हाताने तपासेल. पण पेशीतल्या एखाद्या रिसेप्टरवर (संदेश पकडणाऱ्या प्रथिनावर) दहा जागा असतील आणि प्रत्येकीवर फॉस्फेट लागू किंवा निघू शकत असेल तर १,०२४ रूपं झाली, आणि त्यात किती चक्रं ते मोजायलाच जाऊ नका. तिथे कॅपासारख्या, नियम लिहायच्या भाषा कामाला येतात, तोच दानोस तिच्यामागे आहे. तुम्ही प्रत्येक रूप लिहीत बसत नाही, फक्त ही जागा त्या जागेला धरते आणि सोडते एवढा नियम लिहिता, आणि अशी अट मोडतेय का ते बघायचं काम माणसाच्या डोळ्यावर सोडावं लागत नाही.

आता पैशाचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं, तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, म्हणजे सरकारी कॉलेजं आणि संशोधन संस्थांना परदेशी जर्नल वाचता यावीत. योजना वाईट नाही, छोट्या गावातल्या पोराला पेपर मिळणार असेल तर मी टाळ्या वाजवीन. पण आपण एवढे पैसे मोजतोय ते पीडीएफसाठी, ज्यात रिॲक्शन हे एक चित्र असतं. आणि आपली स्वतःची बाजू? पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या साइटवर चढतात, तेही पीडीएफच. सिंथेसिसच्या एकेका प्रबंधात ढिगाने रिॲक्शन, कित्येक फसलेल्या, ज्या पेपरात कधीच येत नाहीत, सगळ्या लोकांच्या पैशाने केलेल्या, आणि मशीनच्या दृष्टीने ती सगळी शाई.

माझी मागणी त्यामुळे फार छोटी आहे, कोणाला नवीन इन्स्टिट्यूट नकोय. सरकारी पैशातून झालेल्या केमिस्ट्रीच्या प्रबंधासोबत एक फाइल सक्तीची करा. त्यात प्रत्येक रिॲक्शन पूर्ण: सगळे घटक, सोबत निघालेलं सगळं, अणूचा नकाशा, आणि जिथे अणू कुठे गेला ते खरंच माहीत नाही तिथे 'माहीत नाही' असं स्पष्ट लिहिलेलं. हा शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण आज न लिहिलेलं आणि माहीत नसलेलं यातला फरकच दिसत नाही. रिॲक्शन पूर्ण लिहायचे नमुने आधीच आहेत, ओपन रिॲक्शन डेटाबेस २०२१ पासून उघड उपलब्ध आहे, चाक परत शोधायला नको. सुरुवात पुण्याच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) किंवा माटुंग्याच्या आयसीटीने (केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था) केली तर बाकीचे मागे येतील.

हे करणार कोण, हा प्रश्न मात्र खरा अवघड आहे. आपल्याकडे अकरावीलाच गणित सोडलेली पोरं पुढे केमिस्ट्रीत येतात आणि कॉम्प्युटरवाली पोरं केमिस्ट्री पाठ करून, सीईटी देऊन विसरून जातात. २०२० च्या शैक्षणिक धोरणातलं मेजर-मायनर कागदावर यासाठीच आहे, पण मी एका कॉलेजात गेस्ट लेक्चरला गेलो तिथे केमिस्ट्रीच्या पोरांना मायनर म्हणून जे कॉम्प्युटर शिकवत होते ते एक्सेलमध्ये ग्राफ काढणं. वाईट वाटलं, पण त्याच वर्गात मी फळ्यावर एस्टर काढून विचारलं की पाण्यातला ऑक्सिजन कुणाचा, तर वर्ग सरळ दोन गटांत फुटला आणि पंधरा मिनिटं भांडला. एका मुलीने शेवटी विचारलं, "सर, पण हे आम्ही लिहायचं कसं? आमच्याकडे त्याला खूणच नाहीये." मी तिला एका ऑक्सिजनवर १ लिहायला सांगितलं आणि दुसऱ्यावर २. तिने लिहिलं, बाण काढला, आणि पलीकडे १ कुठे ठेवायचा त्यावर खडू धरून थांबली.